शिंकेनं खाल्लेलं गाव

विश्वास बसणार नाही राजेहो, पण मी पोरगी पाहायला निघालो तेव्हा मला गावाचं नावच धड माहीत नव्हतं. हसू नका, चहा सांडेल! आधी ऐका.

आणीबाणी नुकतीच उठली होती. आम्ही नालवाडीला राहायचो अन् मी वर्ध्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. लग्नाचं वय हातातून सुटत चाललं होतं. जिथं पाहायला जावं तिथं माशी शिंकायची. आईच्या मते कारण एकच, निघताना कोणीतरी टोकतं! बाहेर निघालेल्या माणसाला "कुठी चालला?" असं विचारलं की काम बिघडलंच म्हणून समजा. 'कुठी' हा शब्द आमच्या घरात शिवीपेक्षा वाईट. मांजर आडवं गेलं तर आई रस्त्यातच सगळ्यांना बसवायची अन् दुसरा कोणी पुढं जाईपर्यंत उठू द्यायची नाही.

हे स्थळ माझ्या मामानं आणलं होतं. त्यानं बजावलंही होतं, "भाच्या, हे शेवटचं. याच्यापुढं मी जोडे झिजवनार नाई!" शेजारपाजारचे टोकतील म्हणून घरात सगळं बोलणं कुजबुजत. मला तर कोणी काहीच सांगितलं नाही. हंगामाचे दिवस, जिनिंगमधून दुपारपर्यंत सुटका नव्हती. म्हणून आई-बाबा अन् मामा सकाळीच पुढं जाणार होते.

उंबरठा ओलांडता ओलांडता मामा मला म्हणाला, "दुपारच्या यष्टीनं येजो. झाड्याचं घर कोनीबी दाखवन. गाव हाये हिंग... आँक्छी!"

झालं! आईनं सगळ्यांना परत आत बसवलं, पाणी पाजलं. मामा पुन्हा सांगायला लागला तशी आई कडाडली, "दादा, शिंक आली ना त्या नावावर! आता ते नाव तोंडातून काढू नको!"

"अवं, पन त्याले समजलं पाह्यजे ना?"

"समजलं त्याले!"

"आई, पण कुठ..." मी बोलतो न बोलतो तोच तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. मंडळी गेली.

आता माझं कसं आहे, मी एका जागी ठरत नाही. खुर्चीत बसलो तरी पाय हलतात. हिंग म्हणजे काय? हिंगणी! मामाची निम्मी सोयरीक तिकडं बोर धरणाच्याच बाजूची, आणखी कोणतं गाव असणार? जरा थांबून विचार केला असता तर... पण थांबतो कोण?

हिंगणीला उतरलो. झाड्यांचं घर विचारलं तर पोरंटोरंही दाखवायला धावली. अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली, दारात घरधनी धुतल्या धोतरात उभे. झाडेबुवाच!

"या पाव्हणे, या! एकलेच?"

"काऊन? आमची मंडळी नाई आली?"

"नाई बाप्पा! आमाले वाटलं सगळे संगंच येसान."

सकाळी निघालेली माणसं दुपारपर्यंत पोचली नाहीत. दुसऱ्या कोणाच्या डोक्यात उजेड पडला असता. मी मनात म्हटलं, मांजर आडवं गेलं असेल. आईनं बसवून ठेवलं असेल!

पोहे आले. पोहे घेऊन पोरगी आली. नाकीडोळी नीटस. मी एक बशी संपवली, दुसरी घेतली. पाय हलतच होते. घरची मोठी माणसं येईपर्यंत गप्प राहावं की नाही? पण धीर कुठं धरवतो! म्हटलं, "बुवा, आपल्याले पोरगी पसंत हाये!"

झाडेबुवा खूश. आत बायकांत खसखस पिकली. अन् तेवढ्यात दारात जीप थांबली. त्यातून गंधवाली, फेटेवाली मंडळी उतरली अन् मधोमध एक पांढरा सफारी.

"माफ करा बुवा, केळझरच्या गणपतीले थांबलो, उशीर झाला. हा आमचा पोरगा!"

झाडेबुवांनी सफारीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "मंग हा कोन?"

माझ्या तोंडात पोहे. पोरीचा काका काठी शोधायला उठला. कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, "थांब रे! पोरा, तू आला कुठून?"

"वर्ध्याहून."

"अन् जाचं कुठी होतं?"

"आजी, तेच तं मले कोनी सांगतलं नाई!"

शिंकेची सगळी हकीकत सांगितली तेव्हा झाडेबुवांनी कपाळाला हात लावला. "अरे, झाडे तं हिंगणघाटलेबी हायेत!"

हिंगणघाट! इथून उलट वर्ध्याला, अन् तिथून दुसरी यष्टी. मी चपला हातातच घेऊन पळालो. यष्टीत बसवेना. कंडक्टर दोनदा ओरडला, "भाऊ, खाली बसा ना गा! उभ्यानं गाडी लवकर पोचत नाई!"

हिंगणघाटला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बाबा माझ्याकडं पाहतही नव्हते. मामा जोडे घालून निघायच्या तयारीत. आई कानाशी येऊन म्हणते कशी, "कोनी टोकलं का रे तुले?"

पोरीचे वडील कोरड्या आवाजात म्हणाले, "विचारा, काय विचाराचं ते." मला धाप लागलेली. पोरगी दाराशी उभी होती. तिनंच मान वर केली अन् सगळ्यांसमोर विचारलं, "कुठी गेलते?"

"अवं बाई!" आईनं जीभ चावली.

मी खरं ते सगळं सांगून टाकलं. पोहे, जीप, काठी.

"अन् पोरगी?" तिनंच विचारलं.

"तिले... पसंत म्हनलं."

मामानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेलं हेही स्थळ! अन् ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली, अन् मग वडिलांना म्हणाली, "बाबा, मले चालते हा मानूस. याले खोटं बोलाची अक्कलच नाई!"

माझ्या लग्नाला हेच कारण पुरलं. तेव्हापासून आमच्या घरात उलटं शास्त्र चालतं. मी चपलेत पाय घातला की बायको आतून खणखणीत आवाजात विचारते, "कुठी चालले?" पूर्ण उत्तर दिल्याशिवाय थैली मिळत नाही.

आज सकाळचंच घ्या. वरणाच्या फोडणीला हिंग नव्हता. ती थैली घेऊन दारापर्यंत आली अन् म्हणाली, "हिंग आणजा. दुकानातून आणजा, हिंगणीहून नाई!"