मावशीचं नाक

आमच्या शेडमध्ये थर्मामीटर होता, वेळ लिहायच्या चिठ्ठ्या होत्या, हातमोजे होते, भिंतीवर तेरा नियमांचा तक्ता होता. पण शेवटचा शब्द मावशीच्या नाकाचा. मावशी पातेल्यावर वाकायची, डोळे मिटायची, लांब श्वास घ्यायची आणि म्हणायची, "जाईल." नाहीतर, "नाही जाणार." बस्स. त्याच्यापुढे डॉक्टरीणबाईंचंही चालत नसे, आणि शेड तर त्यांचीच. दातांच्या डॉक्टर त्या, पण दवाखान्यापेक्षा जास्त वेळ इथेच असायच्या.

मी तिथला ड्रायव्हर. समारंभाच्या हॉलमध्ये, कंपन्यांच्या कँटीनमध्ये उरलेलं अन्न दुपारी गोळा करायचं, शेडवर आणायचं, मावशीने होकार दिला की बेघरांच्या निवाऱ्यावर पोचवायचं. पगार नाही, पेट्रोल तेवढं मिळतं. तुम्ही म्हणाल, केवढा पुण्यवान माणूस! कसला पुण्यवान? रिटायर झाल्यावर दिवसभर घरात बसून बायकोच्या डोक्याला ताप द्यायला लागलो, तेव्हा तिनेच मला इकडे पिटाळलं.

मावशीने एका वसतिगृहात एकतीस वर्षं स्वयंपाक केला होता. नवरा कधीचाच गेलेला. लेक परदेशात, ती रविवारी फोन करायची, तोही घाईघाईने. उरलेले सहा दिवस मावशीला शेडशिवाय दुसरं बोलायचं ठिकाण नव्हतं. शेड दोनला उघडायची, ही बाई बाराला येऊन पायरीवर बसलेली असायची.

चाखून बघू द्यायची नाही कुणाला. "चाखलं की उष्टं झालं. उपाशी आहेत म्हणून त्यांनी उष्टं खायचं होय रे?" आणि चांगलं अन्न टाकायला निघालं कुणी की नुसती भडकायची. एकदा एका पोरीने वरून सुकलेला भात फेकायला उचलला. मावशीने पातेलं हिसकावून घेतलं, वरचा थर काढला, खालचा पांढराशुभ्र भात दाखवला. "अन्नाला उगाच बदनाम करू नकोस, बये!" खरंच काही टाकायची वेळ आली, तर मागच्या खताच्या खड्ड्यात ती स्वतःच्या हाताने ओतायची. त्या दिवशी मग कुणाशी धड बोलायची नाही.

मग तिला ताप आला. बारा दिवस अंथरुणात होती. परत आली ती निम्मी होऊन.

आल्यावर तिसऱ्या दिवशीची गोष्ट. कँटीनमधून डाळ आली होती. मी झाकण काढलं आणि दोन पावलं मागेच सरलो. असा आंबूस भपकारा, की डोळ्यांत पाणी यावं. मावशी वाकली. डोळे मिटले. लांब श्वास घेतला.

"जाईल."

मला वाटलं, चेष्टा करतेय. "मावशी," मी हळूच म्हटलं, "पुन्हा एकदा बघता का?"

तिने डोळे उघडले, पण डाळीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. "नाही जाणार," म्हणाली, आणि पातेलं उचलून खड्ड्याकडे निघाली.

संध्याकाळी घरी परतताना ती गाडीत माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "फुलाचा नाही, फिनाइलचा नाही, कशाचाच वास येत नाही रे. डॉक्टर म्हणतो, येईल, वाट बघा."

"डॉक्टरीणबाईंना सांगून टाकू या."

"सांग. आणि मग मी काय करू? म्हणतील, मावशी, फार केलंत, आता आराम करा. आराम म्हणजे काय असतं ते तुला नाही कळायचं. तुझ्या घरी भांडायला बायको आहे."

मी तिरसट माणूस, एरवी कुणाचं ऐकून घेत नाही. पण डॉक्टरीणबाईंना मी काही सांगितलं नाही.

तिथून आमचं खोकणं सुरू झालं. झाकण मी काढायचं, वास मी घ्यायचा. खराब असलं तर खोकायचं. मावशी आपली वाकणार, डोळे मिटणार, आणि कान माझ्याकडे. सात महिने आम्ही असं काढलं. कुणाचं साधं पोटसुद्धा दुखलं नाही. मला तर त्याचा गर्वच वाटायला लागला होता. दोन म्हाताऱ्यांनी मिळून एक नाक चालवलं, असं मी मनातल्या मनात म्हणायचो आणि हसायचो. लाज वाटायला हवी होती.

मग एक दिवस पातेलं उचलताना माझी कंबर धरली. उठता येईना, बसता येईना. मी मावशीला फोन केला, "दोन दिवस जाऊ नका. बरं नाही म्हणून सांगा." "बरं," म्हणाली. पहिल्या दिवशी गेलीही नाही. दुसऱ्या दिवशी एका हॉलमध्ये मोठा समारंभ होता, माणसं कमी आली, जेवण ढीगभर उरलं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः तिला फोन केला. "मावशी, तुमच्याशिवाय कोण बघणार?"

हे ऐकून ती घरी कशी बसणार, सांगा बरं?

त्या दिवशी गाडीवर बदली ड्रायव्हर होता. संध्याकाळी त्याने मला फोनवर सगळं सांगितलं. पाच मोठी पातेली होती. पहिल्यावर मावशी वाकली ती वाकलीच. मग म्हणाली, "नाही जाणार." दुसरंही नाही. तिसरंही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, चिठ्ठीवर शिजवल्याची वेळ अकरा आहे, अजून गरम आहे. मावशी ओरडली, "मी सांगतेय ना, नाही जाणार!" पाचही पातेली तिने स्वतः खड्ड्यात रिकामी केली. निवाऱ्यातल्या एकशेचाळीस माणसांना त्या दिवशी माणशी दोन बिस्किटं मिळाली.

मी तसाच कंबरेला पट्टा बांधून शेजाऱ्याच्या स्कूटरवर बसलो. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला आई आठवत होती. अजून उजेड होता. मी थेट शेडमागच्या खताच्या खड्ड्याशी गेलो, कसाबसा गुडघ्यावर बसलो आणि वरचा मूठभर भात नाकाशी धरला. उत्तम भात. दाणा न् दाणा मोकळा, ताजा. भाजीही तशीच.

मागे डॉक्टरीणबाई येऊन उभ्या राहिल्या. नळाजवळच्या स्टुलावर मावशी बसली होती.

"काका, खरं सांगा. खराब होतं का हो?"

हो म्हटलं असतं तर मावशी वाचली असती. उद्या पुन्हा बाराला पायरीवर आली असती. आणि माझी कंबर पुन्हा धरली असती, मी आजारी पडलो असतो, मेलो असतो, तर ती अशीच एकटी पातेल्यावर वाकली असती. कधी चांगलं फेकलं असतं. कधी घाबरून नको ते पाठवलंही असतं. मी मावशीकडे बघितलं. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही, काही नाही.

"चांगलं होतं," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. "मावशी, तुम्हाला वास येतो ना?"

"नाही. सात महिने झाले."

बाई मटकन क्रेटवर बसल्या. "सात महिने? मग एवढं अन्न कुणी..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. पण मावशी आधी बोलली.

"अंदाजाने करत होते. नशीब म्हणा, कुणाला बाधलं नाही. ह्या बाबाला काही ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे कशाला बघता?"

आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. वाईट वाटलं, हे खरं. पण सुटलो, असंही वाटलं, आणि तेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी ती चालत निवाऱ्यावर गेली आणि तिथल्या माणसांपुढे हात जोडून म्हणाली, काल तुमचं जेवण मी फेकलं. म्हणे, अर्ध्या लोकांना ही बाई कोण, तेच माहीत नव्हतं. शेडवर मात्र ती पुन्हा आली नाही. डॉक्टरीणबाई दोनदा बोलवायला गेल्या, नुसतं येऊन बसा म्हणाल्या. "बसायला घर आहे," म्हणाली.

मी जायचो. आधी रोज, मग आठवड्यातून एकदा, मग सवड मिळेल तसं, म्हणजे नाहीच म्हणा ना. ती चहा करायची, माझ्या कंबरेची चौकशी करायची, बायकोचं भांडण कुठवर आलं ते विचारायची. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. स्वतः काही खाताना दिसायची नाही. "सगळं मातीसारखं लागतं रे," एवढंच एकदा म्हणाली.

थंडीत ती गेली. शेजारणीने तिचं दार ठोठावलं तेव्हा कळलं. लेकीला वेळेत पोचता आलं नाही. निरोप द्यायला आम्ही नऊ जण होतो, सगळे शेडचेच. डॉक्टरीणबाईंना रडू आवरत नव्हतं.

"त्यांचं काम मीच काढून घेतलं हो," म्हणाल्या. "आधी कळलं असतं, तर काहीतरी मार्ग काढला असता. दुसरं काम दिलं असतं, सोबतीला कुणी दिलं असतं. काका, तुम्ही तर रोज शेजारी उभे असायचात. तुमच्या कधीच लक्षात आलं नाही?"

"नाही," मी म्हटलं.