घराची धुरा कोण सांभाळते?

विद्यापीठातल्या आमच्या केंद्राला वर्ष झालं म्हणून एक पुस्तिका निघणार आहे. तिच्यात जमुना मॅडमवर मी लिहावं असं कुलसचिवांनी सुचवलं. "तुम्ही त्यांना सगळ्यात जवळून ओळखता," ते म्हणाले. आता खरं सांगायचं तर मी जमुनावर जळते. सात वर्षं जळते आहे, आणि त्यामुळेच तिची खडान्‌खडा माहिती मला आहे. ती डबा कोणाबरोबर खाते, तिच्या तासाला किती पोरं भिंतीला टेकून उभी असतात, शिपाई चहाचा पहिला कप कोणाच्या टेबलावर ठेवतो, सगळं पाठ आहे. कुलसचिवांनी माणूस अगदी योग्य निवडला.

जमुना अकोल्याची. शहराच्या कडेला तिच्या वडिलांचं, सहदेवरावांचं, दीड एकराचं भाजीचं वावर. वांगी, मेथी, सांभार. आई पार्बताबाई बाजारात पाल टाकून बसायची आणि जमुना दहावीपर्यंत सकाळी तिच्या शेजारी बसून जुड्या बांधायची, मग तिथूनच शाळेत जायची. गिऱ्हाईक कोण येतंय ते बघून ती एकाच जुडीची हाळी बदलायची. नऊवारीतल्या आजीला सांभार, बँकेतल्या बाईंना कोथिंबीर, मशिदीजवळून येणाऱ्या चाचांना हरा धनिया. हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात हसत हसत सांगितलं होतं. मी वरवर हसले आणि मनात म्हटलं, हिला विद्यापीठात घेतलंय की मंडईत.

मी अंजनगाव सुर्जी तालुक्यातली. वडिलांची, केशवरावांची, काळी जमीन, आणि घरात शिकण्याची हौस. अकरावीलाच मला पुण्याला ठेवलं. तिथं पहिल्या दिवशी खानावळीत मी "मले भात नको" म्हणाले आणि टेबलावरच्या सहाही मुली हसल्या. त्यानंतर महिनाभर मी बोललेच नाही. बोलायला लागले तेव्हा माझ्या तोंडात वऱ्हाडीचा एक शब्द उरला नव्हता. या गोष्टीचा मला पुढे पंचवीस वर्षं अभिमान वाटत आला.

अमरावतीचं आमचं विद्यापीठ मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांतून शिकवतं. कागदावर दोनच. वर्गात मात्र धारणीकडची कोरकू बोलणारी मुलं, अकोल्याच्या उर्दू शाळांतून आलेल्या मुली, घरी हिंदी बोलणारे, आणि बाकी सगळे वऱ्हाडी. मी शुद्ध मराठीत शिकवते, मग तेच शुद्ध इंग्रजीत सांगते, आणि मुलं दोन्ही वेळा सारख्याच चेहऱ्यानं बघतात. जमुना फळ्यावर एक शब्द लिहिते, "घरी याले काय मनता?" असं विचारते आणि खडू पोरांच्या हातात देते. फळा भरतो. मग ती त्यातून मराठी संज्ञा काढते, शेवटी इंग्रजी. परतवाड्याहून रोज बसनं येणारी आकांक्षा नावाची मुलगी माझ्या तासाला वर्षभर गप्प होती. जमुनाच्या तासाला तिनं उभं राहून वीस मिनिटं निबंध वाचला. त्या दिवशी मी डोकं दुखतंय सांगून घरी गेले. पोटात दुखत होतं.

माझ्याकडे मात्र एक गोष्ट होती, जी जमुनाकडे नव्हती. माझा शोधनिबंध. तीन तालुक्यांतली सहाशे चाळीस शेतकरी कुटुंबं. प्रश्नावली मी स्वतः तयार केली होती. पाचवा प्रश्न होता, 'तुमच्या घराची धुरा कोण सांभाळते?' एकाहत्तर टक्के घरांनी उत्तर दिलं, बाई. पुण्याच्या परिषदेत हा आकडा वाचला तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. पारितोषिक मिळालं. पेपरात मथळा आला. जमुनानं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "आमच्या इकडं एवढ्या बाया घर चालवतात, मले मालूमच नोतं." ती खरंच खूश झाली होती, याचाही मला राग आला.

मग अध्यापन आणि संशोधन बळकट करण्यासाठी नवीन द्विभाषिक केंद्र मंजूर झालं. त्याला एकच प्रमुख नेमायचा होता आणि अर्ज दोनच आले, माझा आणि तिचा. शिकवण्यात ती पुढे, संशोधनात मी. एकाहत्तर टक्क्यांच्या जोरावर ती खुर्ची माझी आहे असं मी धरून चालले होते. तिथल्या खोलीच्या पडद्याचा रंगसुद्धा घरी बसून ठरवला होता.

मुलाखतीच्या चार दिवस आधी जमुना माझ्या खोलीत आली. तिनं दार लोटून घेतलं आणि मोबाईल टेबलावर ठेवला. एम.ए.च्या मुलांना घेऊन ती माझ्याच तालुक्यात गेली होती, सर्वेक्षण कसं करतात ते शिकवायला. सरावासाठी प्रश्न माझेच घेतले होते, घरंही माझ्याच यादीतली.

"मंजुषाताई, हे ऐका जरा," ती म्हणाली.

आधी मुलाचा आवाज, माझा पाचवा प्रश्न घोकल्यासारखा विचारणारा. मग एका म्हाताऱ्याचा. खुशालराव त्यांचं नाव, असं जमुना म्हणाली. "धुरा? धुरा तं बाईच सांभायते, बाप्पा. अंबाडी तिनंच लावली, चारा तेच कापते. मी कायले जातो तिकडं."

मुलगा पुढच्या प्रश्नाकडे वळला. जमुनानं मोबाईल बंद केला. तिला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे धुरा म्हणजे वावराची कड, दोन शेतांमधला बांध. ज्या धुऱ्यावर माझी आई अंबाडीची भाजी खुडायची, ज्या धुऱ्यावर बसून मी शिदोरी खाल्ली, तो धुरा. सहाशे चाळीस घरांना मी विचारत होते की तुमचा बांध कोण बघतं, आणि ते बिचारे खरं उत्तर देत होते. पुण्याच्या बाईनं ही चूक केली असती तर तिला माफ करता आलं असतं. मी त्याच धुऱ्यावर चालायला शिकले होते.

"कोणाला ऐकवलंस?" मी विचारलं.

"कोनालेच नाई. पोराईच्याही ध्यानात नाई आलं."

"मग आता?"

"आता तुमीच पाहा ना. लेख तुमचा हाये."

ती निघून गेली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भांडली असती, धमकी दिली असती, तर मला तिच्याशी झुंजता आलं असतं. तिनं सगळं माझ्या हातात देऊन टाकलं. पाचव्या प्रश्नाबद्दल तोंड उघडायचं नाही, असं ठरवून मुलाखतीला गेले.

जमुनाला आधी बोलावलं. मी बाहेर बसून दाराकडे बघत होते. माझी पाळी आली तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं, "जमुना मॅडमना आम्ही विचारलं, केंद्राचं पहिलं काम काय असावं? त्या म्हणाल्या, तुमचं सर्वेक्षण पुढे न्यावं. त्यातला एक शब्द तुम्ही पुन्हा तपासताय म्हणे. तेवढं होईपर्यंत थांबावं, असंही त्या म्हणाल्या. कोणता शब्द?"

खोटं बोलता आलं असतं. पण तिनं त्यांना शब्द सांगितला आहे की नाही, हेच मला कळेना. तिनं मला वाचवलं की पकडून दिलं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी सांगून टाकलं. धुरा, अंबाडी, खुशालराव, सगळं. एक सदस्य मोठ्यानं हसले, दुसरे नाही हसले. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी तालुक्याचं नाव घेतलं आणि मग खोलीत कोणीच हसलं नाही.

केंद्र जमुनाला मिळालं. निबंध मी मागे घेतला, पारितोषिक परत पाठवलं. संशोधनाची जबाबदारी तिनं माझ्याकडेच ठेवली, त्यामुळे तिच्या सहीशिवाय माझा प्रवासही मंजूर होत नाही. सहाशे चाळीस घरांना प्रश्न नव्यानं विचारायचा होता. मी तीन वाक्यं लिहून नेली. तिनं तिन्ही खोडली आणि खाली लिहिलं, 'घरी कोनाचं चालते?'

पहिलं घर खुशालरावांचंच घेतलं. ते वावरात गेले होते. त्यांची बायको ओट्यावर तूर पाखडत होती. जमुना मागे थांबली आणि मला म्हणाली, "इचारा." मी तो प्रश्न वाचला. पंचवीस वर्षांनी तोंडात आलेलं वऱ्हाडी माझं मलाच परकं वाटलं.

बाईनं सूप खाली ठेवलं. "त्याईचं चालते," ती म्हणाली. "माहं फकत धुऱ्यावर चालते."

मी ते लिहून घेत होते. ती माझ्याकडे निरखून बघत राहिली, मग तिनं विचारलं, "तुमी कुठच्या, बाई? पुन्याच्या काय?"

"नाही, मी इथलीच," मी म्हणाले. "चार कोसांवर आमचं गाव आहे."

बाईला ते पटलं नाही. माझ्या बोलण्यावरून कोणालाच पटलं नसतं. तिनं माझ्यावरून नजर काढली आणि मागे उभ्या असलेल्या अकोल्याच्या जमुनाकडे पाहिलं, खरं काय ते विचारल्यासारखं.

"आपलीच हाये, माय," जमुना म्हणाली.

तेव्हा कुठे बाईनं मला बसायला पोतं टाकलं.