अरबाबची गाडी मी माणसात आणली

चहा घेता घेता ऐका, पण मधे कप खाली ठेवा. हे ऐकताना आमच्या एका मित्राच्या नाकातून चहा आला होता. गाढवपणा सगळेच करतात हो, पण मी तो तीन आठवडे, मन लावून, सुटीच्या दिवशीसुद्धा केला!

दोन हजार तीन-चारची गोष्ट. मी दोह्यात एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात क्लार्क होतो. अरबाब, म्हणजे आमचा मालक, अबू फहद. माणूस दिलदार, पण बोलणं मोजकं. माझी बायको शबाना तिकडे चिपळूणजवळ गावी. मुलगी दीड वर्षाची झालेली आणि मी तिला फक्त फोटोत पाहिलेली. त्यांना आणायचं तर फॅमिली व्हिसा हवा आणि त्यासाठी अरबाबचं नाहरकत पत्र हवं. सहा महिने मी ते मागत होतो आणि सहा महिने तो "इन्शाल्ला" म्हणत होता. गल्फमध्ये राहिलेल्यांना या इन्शाल्लाची लांबी माहीत आहे.

एक दिवस त्यानं बोलावलं. बहिरी ससाणे घेऊन तो तीन आठवडे परदेशी शिकारीला निघाला होता, फोन लागणार नाही अशा रानात. म्हणाला, गोदामातली जुनी अमेरिकन गाडी विकायची आहे. मी आलो की जवळच्या अल रय्यानचा एक जण बघायला येईल, तोवर तयार ठेव. ती विकली की तुझं पत्र. किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला.

तयार ठेव! त्याच्या मनात होतं, धूळ पुसून ठेव. माझ्या मनात काय आलं, ते बघा आता.

गोदामात जाऊन ताडपत्री ओढली आणि हबकलोच. काय दशा केली होती त्या गाडीची! बॉनेटला मधोमध भोक आणि त्यातून इंजिनाचा कसला तरी डबा वर आलेला. मागची चाकं ट्रकला शोभतील अशी, पुढची बारीक. सायलेन्सरचे पाइप मागे जायचे सोडून दोन्ही दारांखालून बाहेर. मागची सीट गायब. काळ्या रंगावर आगीच्या ज्वाळा. आणि एसी नाही! दोह्यात, एसी विकणाऱ्याच्या गाडीत एसी नाही! किल्ली फिरवली तर ती अशी धडाडली, की शेजारच्या गोदामातले दोघे बाहेर पळाले.

माझा जीव कळवळला. अहो, आमच्याकडे म्हैस विकायची तरी आधी घासूनपुसून धुतात, शिंगांना तेल लावतात. आणि ही अशी उभी करायची गिऱ्हाईकापुढे? विकली जाईल का ही? आणि नाही विकली गेली तर माझं पत्र?

गाडी घेऊन मी थेट सनाइयात, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात गेलो. तिथं हसनचाचांचं गॅरेज होतं. चाचा श्रीवर्धनचे, अर्धा जन्म पिकअप आणि पाण्याचे टँकर दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"अस्लम, ह्यो बिघाड नाय रे. कुणीतरी मुद्दाम केलेला हाय."

"चाचा, शहाणा माणूस मुद्दाम बॉनेट फोडेल का?"

"अरबाबला इचारलंस?"

"तो रानात आहे."

चाचांनी मान हलवली आणि पाना उचलला. आता सांगा, जाणता माणूस इतकं बोलल्यावर कुणीही थांबला असता की नाही? पण मला डोळ्यांपुढे पत्र दिसत होतं.

तीन आठवड्यांत आम्ही ती गाडी माणसात आणली. डबा उतरवला, भोकावर पत्रा वेल्ड केला. भंगारातून साधी चाकं आणि मागची सीट मिळवली. सायलेन्सर नेमका जिथं असायला हवा तिथं नेला. ज्वाळा घासून काढल्या आणि अख्खी गाडी पांढरी केली, कारण दोह्यात पांढरी गाडी पटकन जाते. स्वतःच्या ओळखीनं एसी बसवला. शेवटी डॅशबोर्डवर सोनेरी डब्यात टिश्यू पेपर. मी लांब उभा राहून पाहिलं आणि मला खरंच भरून आलं. चार मुलांच्या बापानं मशिदीत न्यावी अशी गाडी झाली होती!

अरबाब आला. गिऱ्हाईक आलं, धिप्पाड, दाढीवाला तरुण. मी ऐटीत ताडपत्री बाजूला केली.

अरबाबनं विचारलं, गाडी कुठंय? मी म्हटलं, ही काय. तो या गाडीला वळसा घालून मागे गेला आणि भिंतीपाशी दुसरी गाडी शोधू लागला. मग परत येऊन त्यानं नंबरप्लेट वाचली. परत वाचली.

मी गाडी चालू केली. गिऱ्हाईक म्हणालं, चालू कर ना. मी म्हटलं, सर, चालूच आहे. त्यानं बॉनेटला कान लावला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आनंदाचं! मी एसी फुल केला.

"मी आवाज विकत घ्यायला आलो होतो," तो म्हणाला.

मग कळलं. ती शर्यतीसाठी मुद्दाम तशी बनवलेली गाडी होती आणि इंजिनाचा जोर वाढवणारा तो डबा अमेरिकेहून जहाजानं मागवलेला होता. ज्वाळा एका कारागिरानं हातानं रंगवलेल्या होत्या. एसी वजन कमी करायला मुद्दाम काढलेला होता. मी काय केलं होतं, ते मला एकेका भागागणिक समजत होतं. शबाना, पोरगी, पत्र, सगळं खलास. उलट मलाच परतीचं तिकीट.

वाचवलं चाचांनी. मी गॅरेजवर धावलो, तर त्यांनी काढलेला एकेक भाग तेल लावून गोणीत बांधून ठेवला होता. "मला ठाव होता, तू रडत येशील," एवढंच म्हणाले. मी गोदामात आणलेल्या गोण्या गिऱ्हाइकानं उघडून पाहिल्या, डब्यावरून हात फिरवला आणि गाडी गोण्यांसकट घेतली. रंग तो स्वतः करून घेणार होता. मला मात्र त्यानं गाडीपासून दहा पावलं लांब उभं राहायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अरबाबनं मला समोर उभं केलं. मग कागद ओढला, हातानं अरबीत चार ओळी लिहिल्या, सही ठोकली आणि म्हणाला, टाइप करून आण.

आता आम्हा कोकणी मुसलमानांची गंमत अशी, की कुराणामुळे अरबी अक्षरं फाडफाड वाचता येतात आणि अर्थ एकाचाही लागत नाही. टायपिंगच्या दुकानापर्यंत मी तो कागद नऊ वेळा वाचला. माझं नाव कळलं. बाकी सगळं मला नोकरीवरून काढल्यासारखंच वाटत होतं.

टायपिंगवाला सुदानी होता. त्यानं कागद वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी म्हटलं, सांगून टाक बाबा.

हिंदीत म्हणाला, "नाहरकत आहे. बायकोला व्हिसा द्यावा, असं लिहिलंय. लवकर द्यावा."

मी खुर्चीत बसलोच. डोळे वाहायला लागले.

"पण पुढे एक ओळ आहे," तो म्हणाला. "हा माणूस एकटा ठेवण्यालायक नाही. ही ओळपण टाइप करू?"

मी डोळे पुसले. म्हटलं, "कर. सरकारी कागदावर खोटं कशाला?"