तारेवरची साखळी

मालगुंडच्या वरच्या सड्यावर मथुरेचं घर एकटंच. मूलबाळ नाही, सासू गेलेली, गोठ्यात तांबू गाय तेवढी. नवरा रावजी मुंबईकडे. घाटातून शहराला वीज नेणाऱ्या तारांचे लोखंडी मनोरे असतात, त्यांवर चढणाऱ्या टोळीत तो होता. गावात दिवा रॉकेलचा. त्यामुळे नवरा काय करतो असं कुणी विचारलं की मथुरा सांगे, "माडावर चढतात तसा चढतो. नारळ तेवढे मिळत नाहीत."

सन तीसच्या सुमाराला शिमग्याला तो आला, तो कंपनीने मोडीत काढलेल्या तारेचं वेटोळं खांद्यावर घेऊन. घरापुढच्या खळ्यातल्या दोन माडांना त्याने ती ताणून बांधली.

"घे, कपडे वाळत घाल. जन्मभर तुटायची नाय."

खालच्या वाडीतली सोनूबाई लांबूनच ओरडली, "मथुरे, हात लावू नुको गो! आत थोडी ईज उरली आसल!"

"ईज काय ताक हाय काकी, भांड्याला लागून ऱ्हायला?"

सोनूबाईबरोबरच्या बायका हसल्या. पण त्या दिवसापासून मथुरेच्या खळ्यात कुणी पाऊल टाकीना.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावजी ओलं धोतर घेऊन तारेसमोर उभा राहिला. हात वर गेला आणि तिथेच थांबला. वेटोळं होतं तोवर ठीक होतं. ताणल्यावर ती मनोऱ्यावरची तार झाली होती. तो गोठ्यात गेला, तांबूची साखळी सोडली, सुक्या बांबूने उचलून तारेवर टाकली. एक टोक जमिनीला टेकलं तेव्हा कुठे त्याने धोतर वाळत घातलं. वळून बघतो तर दारात मथुरा.

"हसू नुको."

"मी कुठं हसतंय?"

तो पायरीवर बसला. "वर चढायच्या आधी वीज बंद करतात गो. पण शेजारून दुसरी जिती तार जाते. तिच्या जोराने मेलेलीसुद्धा जागी होते. साखळी टाकली की ती वीज जमिनीत जाते. म्हणून आधी साखळी, मग हात. आमचा दाभोळचा शिवा... साखळीच्या आधी हात पुढं केलान. मी हाक मारली. ओ द्यायला तो उरलाच नाय."

"आवो, नका जाऊ परत."

"मग खायचं काय, ही तार?"

पालखी नाचवून झाली आणि तो जयगडच्या बोटीने गेला.

तेव्हापासून मथुरेचा एक नेम झाला. उजाडलं की तांबूची साखळी सोडायची आणि बांबूने तारेवर टाकायची. तिकडे तो चढायच्या आत. संध्याकाळी साखळी परत गाईला. पावसाळ्यात कपडे चुलीवर वाळत, तरी ही इरलं डोक्यावर घेऊन खळ्यात जायचीच.

"घोव हितं नाय, ईज हितं नाय," सोनूबाई कुंपणापलीकडून म्हणे, "साखळी कुणासाठी गो?"

"तांबू दिवसा मोकळी बरी वाटते, काकी."

पावसात बोटी बंद. गणपतीला तो आला नाही. निरोपही नाही. साखळीवर गंज चढला, हाताला लागू लागला.

पुढच्या शिमग्याला तो आला. गालफडं बसलेली. आंघोळ करून ओलं धोतर घेऊन खळ्यात गेला आणि तारेकडे बघत राहिला.

"साखळी कुणी टाकलीन?"

"मी. रोज टाकतंय."

बांबूकडे न वळता त्याने उघड्या हाताने धोतर तारेवर टाकलं, झटकून नीट सारखं केलं.

पालखी झाली आणि तो पुन्हा गेला. दुसऱ्या दिवशी उजाडताच मथुरेने तांबूला सोडलं, साखळी तारेवर टाकली, आणि मग आपलं एकुलतं ओलं लुगडं त्या लांबलचक तारेच्या एका कडेला वाळत घातलं.