पाठमोरा अध्यक्ष

तलावात गाळ साठतो तसे किस्से साठतात. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. पाणी येतं, जातं, गाळ तेवढा मागे राहतो. माझ्याकडचे बरेचसे किस्से सावली या तालुक्याच्या ठिकाणाजवळच्या एका गावच्या तलावाच्या पाळीवरचे, म्हणजे बांधावरचे आहेत. ते गाव माझ्या बायकोचं, सुमनचं माहेर.

सुमन सावलीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. न्याय म्हणजे काय, कायदा कुणासाठी, राज्य कुणी करावं, असल्या प्रश्नांवर डोकं खाजवणारे युरोपातले जुने म्हातारे तिच्या सिलॅबसमध्ये होते. मुलांना ते परीक्षेपुरते हवे असत. मग रविवारी ती तेच प्रश्न घेऊन माहेरी जायची. तिचा मोठा भाऊ दशरथभाऊ गावच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. सकाळी जाळं ओढून झालं की मोहाच्या झाडाखाली चहा आणि चर्चा. सुमनही पदर खोचून जाळं ओढायची, म्हणून तिला बोलायचा हक्क होता. सगळे तिला बाई म्हणत, थोरला भाऊसुद्धा. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. पाण्यात कधी उतरलो नाही, पण जावई असल्यामुळे मला खुर्ची मिळायची.

ती गेली त्याला आता वर्ष होईल.

०

पहिला किस्सा वाट्यांचा. तेव्हा सोसायटीत दर रविवारी भांडण ठरलेलं. मासे निघाले की अध्यक्षच वाटे लावायचा, अध्यक्षच वाटायचा, आणि ज्याच्या वाट्याला रोहूऐवजी नुसती बारकी मासळी यायची तो आठवडाभर बोलायचा नाही.

सुमननं त्या आठवड्यात वर्गात एका विचारवंताची कल्पना शिकवली होती. आपण कुणाच्या घरी जन्मणार हे माहीत नसताना कायदे ठरवा, म्हणजे ते न्याय्य होतील. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली होती. तिनं ती पाळीवर सांगितली. दशरथभाऊची काकू पार्वताबाई, सत्तरीची, तंबाखू मळत ऐकत होती.

"यात नवीन काय हाये?" ती म्हणाली. "माहे सासरे हेच करत. एकजण वाटे लावे, दुसरा पाठ करून उभा राहे अन् नाव घे. अध्यक्ष आला अन् ते बंद झालं."

सुमननं घरी येऊन आपल्या नोट्समध्ये एक पान वाढवलं. सोसायटीच्या खोलीत तिनं वहीचा एक कागद चिकटवला. जो पाण्यात उतरेल त्यालाच वाटा. वाटे लावणाऱ्यानं नाव घ्यायचं नाही, नाव घेणाऱ्यानं मागे बघायचं नाही आणि स्वतःचं नाव शेवटी घ्यायचं. एकदा नाव घेतलं की बदलायचं नाही. ज्या वाट्याला धनी नाही, तो परत तलावात.

तेव्हापासून पार्वताबाई वाटे लावते आणि एकेका वाट्यावर काडी ठेवून विचारते, "हा कोनाचा?" दशरथभाऊ वाट्यांकडे पाठ करून नाव घेतो. अख्ख्या तालुक्यात कामाच्या वेळी पाठमोरा असणारा अध्यक्ष आमचाच.

०

एकदा तिनं अंगठीची गोष्ट सांगितली. एका गुराख्याला अंगठी सापडते. ती फिरवली की तो कुणाला दिसत नाही. तर मग, कुणी बघत नसताना माणूस प्रामाणिक राहील का?

शामराव म्हणून एक सभासद आहे. त्याचं सगळ्याच गोष्टींबद्दल काहीतरी म्हणणं असतं. तो म्हणाला, "आमाले अंगठी कायले पायजे बाई? पौषात धुकं पडलं का आमी तसेबी दिसत नाई."

रशीदभाई सावलीहून मोटरसायकलवर बर्फाची पेटी बांधून मासे घ्यायला यायचे. ते शांतपणे चहा फुंकत होते.

"हाँ," ते म्हणाले. "म्हनून मी बी कदी विचारलं नाई, धुक्याच्या दिवसांत तू एकटाच मरळ घेऊन काऊन येतं."

त्या वर्षापासून धुक्यात तलावावर एकट्यानं जायचं नाही, असा ठराव आहे. सूचक म्हणून शामरावचीच सही आहे.

०

हा अगदी छोटा आहे. एका इंग्रज म्हाताऱ्याचं म्हणणं असं की राज्य नसतं तर माणसानं माणसाला फाडून खाल्लं असतं. मूळ उपमा लांडग्याची. लांडगा इकडे फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणून सुमननं वाघ घातला. राज्य नसेल तर माणूस माणसाला वाघ होतो.

पार्वताबाईचा दीर मोहफुलं वेचताना वाघानं नेलेला. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"वाघाले असं नोको बोलू बाई," ती म्हणाली. "वाघ एका टायमाले एकच नेते."

सुमन हा किस्सा दरवर्षी वर्गात सांगायची. मुलं हसायची. ती हसायची नाही.

०

ग्रीकांमधल्या एका थोराचं म्हणणं होतं, राज्य शहाण्यांनी करावं, आणि ज्याला गादीची हाव नाही त्यालाच ती द्यावी. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. पार्वताबाईनं लगेच निकाल दिला, "मंग दशरथले काढा. त्याले लय हौस हाये."

दशरथभाऊला ते लागलं. सात वर्षं अध्यक्ष होता, पण वाद घातला नाही. फॉर्म भरायच्या दिवशी तो धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात जाऊन बसला. फॉर्म भरलाच नाही.

संध्याकाळी सगळे सभासद फॉर्म घेऊन बांधीवर हजर.

"आता तुले हौस नाई ना?" पार्वताबाईनं विचारलं.

"नाई."

"पक्की?"

"पक्की, काकू."

"मंग इथी सही कर. तूच हायेस."

०

आता माझा. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, तेव्हा तलावात जाळं-गळ सगळं बंद असतं. आमच्या शाळेतले दोन मास्तर घरी जेवायला येणार होते. मी शामरावकडून गळ घेतला आणि पाळीच्या कडेला बसून एक मरळ काढली. एकच. पण शामराव तो. दुपारपर्यंत गावभर झालं.

जाळं बंद असलं तरी रविवारचा चहा होता; मला खुर्ची मिळाली नाही. मी म्हणालो, मी बाहेरचा माणूस, जावई, मला काय ठाऊक. पार्वताबाई म्हणाली, "जवाई घरात. तलावात सारे मासेच."

शिक्षा काय द्यावी हे त्यांनी सुमनलाच विचारलं. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, तीन रविवार यांच्या ताटात मासा नाही, सुकासुद्धा नाही.

तिनं त्यांना पूर्वी विषाचा प्याला पिणाऱ्या ग्रीक म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली होती. मित्रांनी तुरुंगातून पळायची सगळी सोय केली होती, तरी तो पळाला नाही. दुसऱ्या रविवारी दशरथभाऊनं माझ्यासाठी गुपचूप सुकी मासोळी पाठवली. सुमननं ती तशीच परत केली आणि निरोप दिला, "दादा, तुरुंगाचं दार लावून घे."

तीन रविवार आमच्याकडे वांगी होती. तिनंही तीच खाल्ली. शिक्षा तिला नव्हती.

०

शेवटचे दोन महिने ती आजारी, घरीच होती. दशरथभाऊ एकदा मोठी रोहू घेऊन आला. तिनं पडल्या पडल्या एवढंच विचारलं, "वाट्यातून आली?"

त्याला खोटं बोलता येत नाही. तो मासा घेऊन परत गेला.

त्या रात्री ती मला म्हणाली, दादा माझ्यापुरता कच्चा आहे. मी गेल्यावर एकदा जरी त्यानं माझ्यासाठी नियम वाकवला ना, की शामराव दुसऱ्यांदा वाकवेल. तिसऱ्यांदा कागदच राहणार नाही. दुसरं काही तिनं मागे सोपवलं नाही.

०

ती गेल्यावर महिनाभर जाळं पडलं नाही. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी दशरथभाऊनं मला बोलावून घेतलं. पार्वताबाई धरून नऊ जण पाण्यात उतरले. तिनंच नऊ वाटे लावले. दशरथभाऊ पाठ करून उभा राहिला.

"हा कोनाचा?"

"गोपाळचा."

"हा?"

"पार्वताकाकूचा."

"हा कोनाचा?"

"बाईचा."

पार्वताबाईच्या नावानंतर तेच नाव यायचं. वर्षानुवर्षांची सवय. काडी वाट्यावरच थांबली. नऊ माणसं, नऊ वाटे आणि एक नाव जास्त झालेलं.

शामरावच आधी बोलला. "चुकून निंगालं भाऊ. बदलवा. आमचं काई म्हननं नाई." नाहीतर वाटा जवाईबापूंना द्यावा, असंही कुणीतरी म्हणालं. रशीदभाईंनीही हो म्हणून मान हलवली. मी खुर्चीतून उठलो होतो.

दशरथभाऊ वळला नाही. "कागदावर काय लिवलं हाये?" त्यानं विचारलं.

"नाव घेतलं का बदलत नाई," पार्वताबाई म्हणाली.

"मंग बाईचाच." आणि त्यानंच विचारलं, "बाई पाण्यात उतरली?"

"नाई."

"मंग धनी नाई. तलावात."

पार्वताबाईनं तो वाटा टोपलीत भरून माझ्या हातात दिला. मी चपला काढल्या. पँट दुमडायची राहिली. गुडघाभर पाण्यात जाऊन टोपली वाकडी केली. दोन मरळी होत्या, जिवंत. गढूळ पाण्यात क्षणभर तशाच थांबल्या आणि गेल्या.

मागे काडी पुढे सरकली होती. "हा कोनाचा?"

"रामदासचा."

बाईचं धरून नववं नाव शामरावचं. वाटे संपले. शेवटी दशरथभाऊ स्वतःचं नाव घ्यायचा, तिथं आता वाटाच नव्हता. तो वळला आणि त्यानं आपली रिकामी टोपली उचलली. आम्ही दोघं पाळीवरून घराकडे निघालो. माझी पँट पायाला चिकटत होती.

मी म्हणालो, "भाऊ, वहिनी विचारतील."

"काय विचारन?" तो म्हणाला. "घरी वांगे हायेत."