शिशाचा मासा

बिन महमूदच्या दुकानात गळाला लावायच्या खोट्या माशांचा भाव पाडत होतो. शिशाचा एक जड मासा हातात आला आणि साठच्या दशकातला, आखातातल्या दुखानचा तापलेला किनारा आठवला.

माझ्या थोरल्या भायनं तिथल्या तेलकंपनीतली नोकरी मला डावलून आपल्या मेहुण्याला लावून दिली होती. एका शुक्रवारी आम्ही दोघं गळ टाकायला गेलो, तेव्हा त्या रागातच मी त्याच्या गंजक्या डब्यातून चकचकीत पत्र्याचा मासा उचलला.

भायनं दुसरा, शिशाचा, तळहातावर तोलला. "उन्हाळ्यात सुरमई खोल जाते रे. हा जड घे."

"तुझ्या मेहुण्याला दे!"

त्यानं डबा मिटला. त्या शुक्रवारी आम्ही गळ टाकलाच नाही. पुढच्या महिन्यात तो सुट्टीवर रत्नागिरीला गेला आणि तिथंच वारला.

नोकरीचा राग अजून आहे. पण तो मासा त्यानं माझ्यासाठीच निवडला होता, हे मला तेव्हाही कळत होतं.