बारकीचा फेटा

बारकीचं तोंड लहानपणापासून वाईट. म्हणजे दिसायला नव्हे, बोलायला. तलासरीच्या डोंगरपट्टीत तिचा पाडा, आणि तिथे एखादी सून ऐकेनाशी झाली की सासू म्हणते, "काय गं, बारकी झालीस काय?" डहाणूला चिकूवाडीत फळं उतरवायला जायची, तेव्हा मुकादमानं एकदा बायांना भर उन्हात ताटकळत ठेवलं. हिनं सगळ्यांना झाडाखाली बसवलं आणि वर त्यालाच पाणी आणायला पाठवलं. अशी बाई अच्छाडला हायवेच्या कडेला नितीनशेठच्या बोटींच्या शेडमध्ये टिकली, हेच नवल.

टिकली, कारण काम आवडलं.

मुंबईच्या एका बड्या माणसानं शेठला बोट सांगितली होती. दिसायला जुन्या राजेमहाराजांच्या काळातली हवी, लांब नाक, चकचकीत सागवान, पितळी कड्या. पण वजनाला हवी हलकी, इंजिन लावलं की पाण्यावरून सुटली पाहिजे. आता सागाच्या फळ्यांची बोट हलकी कशी होणार, तुम्हीच सांगा! तेव्हा सगळं अंग फोमच्या पाट्यांचं आणि फायबरच्या, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या, कापडाचं, आणि वरून सागाचा पापडाएवढा पातळ पापुद्रा. वरून आजोबा, आतून नातू.

ते अंग बारकीनं घडवलं. बारकीनं आणि तिच्या हाताखालच्या सोमी, संगितानं. साच्यात कापड अंथरायचं, त्यावर प्लास्टिक चिकटवायचं, पंपानं आतली हवा ओढायची आणि मग कापड कडक करणारं पातळ रेझिन आत सोडायचं. प्लास्टिकला बारीकसं भोक राहिलं तरी हवा शिरते आणि सगळं मुसळ केरात. म्हणून बारकी साच्याला कान लावून फिरायची, कुठे सूं ऐकू आलं की तिथे पट्टी मारायची. काचेच्या त्या कापडानं हाताला अशी खाज सुटायची की भाकरी थापताना जीव नकोसा व्हायचा. "ही माझ्या कातड्याची बोट आहे," असं ती म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

बोट पाण्यात घालायची ठरली वरोरच्या किनाऱ्यावर. मांडव उभा राहिला, मुंबईचे पाहुणे आले, भरती चढली. ट्रॉलीवरून बोट ढकलायला गावचे मच्छीमार उभे होते आणि त्यांचा म्होरक्या हिरू तांडेल. हिरू जुन्या वळणाचा म्हातारा. त्याच्या लेखी नवी बोट म्हणजे नवरी, आणि तिला सासरी धाडण्याआधी ज्यानं घडवली त्या सुताराचा मान झाला पाहिजे. फेटा बांधल्याशिवाय तो बोटीला कुणाला हात लावू देत नाही.

शेठला हे ठाऊक होतं. त्यानं पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं की बोट पिढीजात सुतारांनी घडवली आहे. मग सुतार कुठून आणायचा? तर शेडचा वॉचमन लहान्या, झुपकेदार पांढऱ्या मिशांचा, त्याला कोरं धोतर नेसवून पुढे उभा केला. बारकी आणि बाकीच्या बाया मागे, टाळ्या वाजवायला.

हिरूनं फेटा उचलला. लहान्यानं मान खाली घातली.

"थांबा!" बारकी ओरडली. "ह्यानं ही बोट फक्त राखली, हिरूबाबा. घडवली मी!"

शेठ हसत हसत तिच्याजवळ आला आणि दातओठ खात पुटपुटला, "गप बस. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

घरात बारकी एकटी कमावती, आणि पुन्हा तसलं काम तिला कोण देणार? पण ज्या बोटीसाठी अंग सोलून घेतलं तिच्यासमोर उभं राहून दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवायच्या? छे! मरण पत्करलं.

"उद्याचं उद्या," ती म्हणाली, मोठ्यानं.

हिरूनं लहान्याकडे पाहिलं. "खरं सांग रे. समुद्राच्या तोंडावर उभा आहेस."

"सकाळपासून लाज वाटतेय, बाबा," लहान्या म्हणाला. "बारकीचीच बोट आहे."

हिरूनं फेटा काखेत मारला. "खोट्या डोक्याला मान दिला तर बोट रुसते. माझी माणसं हात लावणार नाहीत." आणि माणसं खरंच मागे सरली. भरती काय कुणाच्या बापासाठी थांबते? शेठला घाम फुटला. त्यानं पूजेच्या ताटातली साडी उचलली. "बरं बाई, तुझा मान. ही घे."

"साडी नको," बारकी म्हणाली.

हिरूही घुटमळला. "बाईच्या डोक्याला फेटा मी कधी बांधला नाही गं."

"साडी लग्नात मिळाली, दिवाळीला मिळते, पोर झालं तेव्हाही मिळाली. बोट घडवली त्याचा मान फेटा आहे ना? मग फेटाच बांधा. नायतर राहू दे बोट वाळूत!"

वरोरच्या बाया पदर खोचून पुढे आल्या. वाढवणच्या बंदराविरुद्ध रस्त्यावर बसून बसून त्यांचे गळे चांगले तयार झालेले. "बांधा, तांडेल, बांधा!" असा गिल्ला झाला की शेठचं काही कुणाला ऐकू येईना. पण फेट्याला हात घातला तो लहान्यानं. त्यानं तो हिरूच्या काखेतून ओढला आणि बारकीच्या अंबाड्यावरून आवळून बांधला. हिरूनं वाकून बघितला, एक टोक नीट खोचलं आणि माणसांना हाक दिली. बोट अशी अलगद उतरली की ढकलणारेच तोंडावर पडता पडता वाचले. बारकी रडली, आणि कुणी बघतंय याची तिनं पर्वा केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या जीपमधून अच्छाडला उतरली. डोक्यावर फेटा. ढाब्यावरच्या ट्रकवाल्यांनी शिट्ट्या मारल्या, तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. शेडच्या गेटवर लहान्या बसला होता, पुन्हा खाकीत.

"शेठचा फोन आला होता," तो उठत म्हणाला. "बारकीला आत सोडायचं नाय."

"मग?"

लहान्यानं कडी काढली आणि गेट सताड उघडलं.

"सुताराबद्दल काय बोलले नाय."